सहावं भोक

पाच फोटो होते.
पाचव्यात विकणाऱ्याचा अंगठा आलेला,
नख काळंनिळं, दारात सापडल्यासारखं.
त्या अंगठ्यावर भरवसा ठेवून
मी अठराशे पन्नास रुपये कबूल केले,
रात्री दीड वाजता, अशोक चौकात लाईट गेलेली,
मोबाईल अकरा टक्के.

खाली लिहिलं होतं : एचएमटी जनता, सतरा ज्वेल,
एकाच हातातलं, अगदी नव्यासारखं.

मुरादाबादहून नवव्या दिवशी आलं,
लहान मुलाच्या एका मोज्यात गुंडाळून.
(दुसरा मोजा कुठे असेल, हे उगीच डोक्यात राहिलं.)
काच अशी, की आतली वेळ ताकात बुडालेली.
मुलामा उडून कडेला पितळ उघडं,
आणि चावीचे दाते
कुणाच्या तरी चिमटीनं गुळगुळीत केलेले.

मी चादरींच्या डिझाईनचे पुठ्ठे पाडते, बावीस वर्षं झाली.
एक भोक चुकलं की मोराची मान मोडते,
आणि मोडलेली मान मला दहा हातांवरून दिसते.
म्हणून तबकडीवरचं ‘जनता’ आधी वाचलं नाही, तपासलं.
‘ज’चं पोट फुगलेलं.
शिरोरेषा ‘ता’पर्यंत जाता जाता दमलेली.
कारखाना असं अक्षर काढत नाही.
हे कुणीतरी मागाहून काढलंय, पोटासाठी, घाईत;
बाराच्या आकड्याशी वार्निशात
त्याच्या ब्रशचा एक केस
अजून अडकलेला आहे.

विजापूर वेशीत जिन्याखाली मैनोद्दीनचाचांचं टेबल.
वर शिलाईयंत्र चाललं की स्क्रू थरथरतात,
मग चाचा हात उचलतात, थांबतात,
शिवण संपली की पुन्हा वाकतात.
“मशीन असली. डायल नकली. काँटे किसी और के.
खिचडी है बेटी.”
असं म्हणून त्यांनी झाकण उलटं केलं
आणि भिंग माझ्याकडे सरकवलं.

आतल्या बाजूला ओरखडे.
मला वाटलं झीज असेल.
“नाही. ही आमची माणसं.
उघडलं की सुईनं लिहून ठेवायचं.
हा सात गुजराती आहे. हा गडी डावखुरा, रेघ बघ.
ह्यानं तारीख टाकली, साल विसरला.
आणि ह्यानं तीन महिन्यांत दोनदा उघडलंय,
पहिल्यांदा काम नीट केलं नव्हतं.”

पण घड्याळ कुणाचं होतं?

चाचांनी फुंकर मारून धूळ उडवली.
“ते लिहायची पद्धत नाही.”

दीडशे रुपये घेतले. झाकण लावायच्या आधी
सर्वांत खाली, जागा शोधून,
एक बारीक ‘म’.

आता कामावर बायका विचारतात, वडिलांचं का गं?
वडिलांकडे घड्याळ नव्हतंच.
त्यांचा दिवस मिलच्या भोंग्यावर उठायचा,
आणि भोंगा बंद झाल्यावर
ते कितीतरी दिवस चहा थंड होईपर्यंत बसून राहायचे,
वाजायचं काहीतरी राहिलंय असं.
मनगट त्यांचं पट्ट्याविना सरळ काळं होतं.
ह्या घड्याळाशी त्यांचा काही संबंध नाही.
मला ते आवडलं, एवढंच.
आवडायला तेवढं पुरतं की नाही
मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

पट्टा मात्र जाड हाताचा.
पाच भोकं, तिसरं ताणून लांबट झालेलं,
पाचव्यावरही माझ्या मनगटावर गोल फिरायचा.
म्हणून काल पुठ्ठ्यांच्या पंचनंच
सहावं पाडलं.
चामड्याची टिकली टेबलावर पडली,
मोराच्या डोळ्यांतून पडलेल्या कागदी टिकल्यांत मिसळली.

संध्याकाळी आई आतून, सुपात विडीची पानं कापत,
नेहमीसारखी ओरडली : “टैम एंत ऐंदी?”
मी मनगट कानाशी नेलं, मग डोळ्यांशी.
दिवसाला सात मिनिटं पुढे पळतंय.
“पावणेसात,” म्हटलं,
सात वजा करून.